खालच्या पट्टीतला पंखा

दादाने पंख्याच्या भोकात गुळगुळीत सळई घातली, सळईची दोन टोकं दोन सुऱ्यांच्या धारेवर टेकवली आणि पंखा सोडून दिला. पंखा जरा डुलला, विचारात पडल्यासारखा थांबला आणि मग त्याचं एक पातं हळूच खाली कललं.

"हे पातं जड आहे," दादा म्हणाला.

"मग घासू की. पॉलिशपेपरचे चार हात मारले की येईल बरोबरीत," धाकटा भाऊ म्हणाला.

"हो, हो," दादा म्हणाला, आणि त्याने पंखा खोक्यात टाकून दिला.

या 'हो, हो'चा अर्थ धाकट्याला आता कळायला लागला होता. दादाला काही ऐकू आलं नाही की तो 'हो, हो' म्हणायचा, आणि अंगावर येणारं कोणतंही बोलणं त्या दोन शब्दांनी अलगद बाजूला सारायचा.

दादा जन्मभर लोखंडाच्या ओतशाळेत लाकडी साचे करत आला. यंत्राचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात कोरायचा, मग त्यावर वाळू ठोकायची, लाकूड काढून घ्यायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. कोरणं झालं की सुताराने घरी जावं, पण दादाला आपला साचा कसा ओतला जातोय ते पाहिल्याशिवाय करमत नसे. त्या धडधडाटात उभं राहून राहून त्याने कान घालवले. एकदम नव्हे, उन्हात पडलेल्या कापडाचा रंग उतरत जावा तसे. धाकटा होता पुस्तकं बांधणारा. त्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा आवाज म्हणजे कात्रणयंत्राचं पातं खाली येण्याचा. त्यामुळे त्याचे कान शाबूत होते आणि पाठ मात्र वाकली होती. देवाने दोघा भावांत दुखणी वाटून दिली, असं वहिनी म्हणायच्या.

तर गोष्ट या पंख्याची. घरात छताला लावतात तो नव्हे, विमानाचा. आणि विमानही खेळण्यातलं, पण उडणारं. दोघे भाऊ ऐन तारुण्यात होते तेव्हा दादाने एक छोटं इंजिन मिळवलं होतं, मुठीत लपेल एवढं. एकच सिलिंडर, डोक्यावर दाब कमी-जास्त करायचा आडव्या दांडीचा स्क्रू, पोटाशी इंधनाची सुई. रॉकेल, एरंडेल आणि इथर यांचं मिश्रण त्यात घालायचं, बोटाने पंख्याला झटका द्यायचा, आणि देवाच्या मनात असेल तर ते भुर्रकन सुरू व्हायचं. देवाच्या मनात नसेल तर बोट सुजायचं. झटका देण्याचं काम धाकट्याकडे असे. दादा मैदानाच्या मध्यावर हातात मूठ धरून उभा राही. मुठीपासून दोन तारा विमानाच्या पंखापर्यंत गेलेल्या असत, आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल फिरे. मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली. दादाही त्याच्याबरोबर गरगर फिरायचा आणि नंतर गवतावर बसून डोकं धरायचा.

अशा इंजिनाला पंखा निवडणं ही गंमत आहे आणि जबाबदारीही. पंखा लांब असला की इंजिनाला ओझं होतं, ते सावकाश फिरतं. आखूड असला की सुसाट सुटतं. शिवाय पात्याला किती पीळ द्यायचा, म्हणजे एका फेऱ्यात तो हवेत किती पुढे रुतत जाईल, त्याला पिच म्हणतात, तेही पाहायचं. लोक आकडे पाहून पंखा घेत. हे दोघे आवाजावरून घेत. आणि आवाजावरूनच त्यांनी पंख्यांना नावंही ठेवली होती.

सगळ्यात आखूड पंखा म्हणजे आत्या. त्यांची सख्खी आत्या दारात पोचायच्या आधी तिचा आवाज माजघरात पोचलेला असे. तो पंखा लावला की इंजिन थेट तिच्या सुरात किंचाळायचं. त्याहून लांब तो मामा. हा शांत माणूस, जेवण झाल्यावर घुमल्यासारखा बोलणारा. मधला होता मास्तर, कारण तो चांगला चालता चालता मध्येच अडखळे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे.

एकदा काय झालं, दोघे पडवीत काम करत बसले होते आणि दादा म्हणाला, "आत्याची टोकं फार माजलीत, घासायला पाहिजेत. नाहीतर सरळ तिला कापून आखूड करू." नेमकी खरी आत्या मागे उभी. पुढे कित्येक वर्षं ती या घरात पाणीसुद्धा बसून प्यायली नाही. तिला पंखा दाखवला, शपथा घेतल्या, तर म्हणे, "म्हणजे माझ्या नावाचा पंखा करून त्याला बोटं मारता?"

दादाची लाडकी होती ती आत्याच. विमान तिच्यावर सगळ्यात जोरात जायचं, आणि दादा म्हणे, "कसा टिपेचा सूर लागलाय बघ." धाकट्याला मामा आवडे. त्यावरून दोघांची भांडणं होत, आणि भांडणात दादा जिंकत असे, कारण मूठ त्याच्या हातात असे.

मग संसार आले, कामं आली. विमान ओतशाळेच्या धुराने काळवंडलेल्या दादाच्या खोलीत छताला टांगलं गेलं, इंजिन तेलकट फडक्यात गुंडाळून डब्यात गेलं. पंखे हरवले, मोडले, कुठल्याशा घरबदलात कचऱ्यात गेले.

दादा निवृत्त झाला, धाकट्यानेही दुकान भाच्याच्या हाती दिलं, तेव्हा धाकट्याच्या मनाने उचल खाल्ली. त्याने विमान छतावरून उतरवलं. पंखांवरचा कागद पापडासारखा झाला होता. जुन्या पुस्तकांच्या फाटक्या पानांना लावायचा पातळ, चिवट कागद त्याच्याकडे होता. तो त्याने पंखांवर खळीने चिकटवला, वर पाण्याचा हात फिरवला, आणि वाळल्यावर कागद असा ताणून बसला की वहिनींनी बोटाने टिचकी मारून पाहिली. इंजिन दादाने स्वतः उघडलं, धुतलं, पुन्हा जोडलं. एवढं झालं. राहिला फक्त पंखा.

आणि पंख्यापाशी गाडं अडलं.

धाकटा पहिल्यांदा आत्याच्या मापाचा पंखा घेऊन आला. दादाने तो उजेडात धरला आणि म्हणाला, "दोन्ही पात्यांचा पीळ सारखा नाही." दुसऱ्या खेपेला प्लास्टिकचा आणला, तर म्हणे, "प्लास्टिक? याचं पातं सुटलं तर कपाळात बसेल." तिसऱ्याचं भोक मध्यावर नव्हतं. चौथ्याचं लाकूड दादाला पसंत नव्हतं. आणि आज हे जड पातं. ज्या माणसाने आयुष्यभर केसाच्या जाडीएवढी चूक कानशीच्या एका हाताने दुरुस्त केली, तो माणूस पंखा जड म्हणून खोक्यात टाकतो. धाकट्याला राग आला. तो उठला, चपला शोधू लागला.

वहिनी त्याच्यामागे जिन्यापर्यंत आल्या.

"भाऊजी, रागावलात?"

"रागावू नको तर काय करू, वहिनी? उडवायचंच नसेल तर सरळ सांगावं ना. मी काय पंख्यांचा व्यापारी आहे, दर आठवड्याला नमुने घेऊन येतोय?"

"तुम्ही गेलात की ते इंजिन मांडीवर घेऊन बसतात," वहिनी म्हणाल्या. "खोक्यातला पंखा काढतात, लावतात, हाताने फिरवतात. ज्याला नावं ठेवली तोच पंखा. घासून बरोबर केलेला असतो. मग पुन्हा काढून ठेवतात. सुरू नाही करत."

"का?"

वहिनींनी आत एक नजर टाकली. आवाज खाली आणायची तशी गरज नव्हती, पण सवयीने त्यांनी तो आणला. "कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, वरचे आवाज गेले. बारीक, उंच आवाज. ते काही आता परत येत नाहीत. खालचे आहेत अजून, पण तेही किती दिवस, सांगता येत नाही. यंत्र लावून पाहिलं कानात, तर नुसती खरखर. नात फोनवर बोलते तर हे आपले 'हो, हो'. पोर विचारते, आजोबा, तुम्हाला मांजर हवं की कुत्रा, तर म्हणे हो, हो."

"आणि माझं ऐकू येतं ते?"

"तुमचा आवाज घोगरा ना, भाऊजी. जवळ असलात की येतो, लांब गेलात की जातो. माझंही निम्मंच ऐकू येतं." मग म्हणाल्या, "ते त्यांना तसं सोयीचंच आहे म्हणा."

धाकटा हसला, पण जिना उतरताना त्याचं हसू खालच्या पायरीपर्यंतही टिकलं नाही. दादा पंख्यांत खोट काढत नव्हता. तो भीत होता. इंजिन सुरू केलं आणि ते समोर फिरताना दिसलं, धूर आला, पंख्याचा वारा तोंडावर आला आणि सूर मात्र आला नाही तर? मग तो सूर खरोखरच गेला. न सुरू केलेल्या इंजिनात तो अजून शिल्लक होता.

आणि धाकटा त्याला दर खेपेला आत्याच आणून देत होता. दादाची लाडकी म्हणून, मोठ्या प्रेमाने. नातीच्या आवाजाइतकी उंच.

धाकटा सकाळी देवळात प्रार्थनेला जाई, तिथे एक म्हातारे बुवा होते. देवाच्या कथा गाऊन सांगायचे. गोष्ट रंगात आली की गायचे, गाणं रंगलं की पुन्हा गोष्टीवर यायचे, आणि लोक कधी हसले कधी रडले हे लोकांनाही कळत नसे. वय झालं तसा बुवांचा आवाज वर चढेना. वरच्या जागेशी आले की गळा नुसता हवा सोडायचा. मग एक दिवस पेटीवाल्याने काही न बोलता पट्टी उतरवली, म्हणजे सगळं गाणंच दोन घरं खालून वाजवायला घेतलं. बुवांनी पहिला सूर लावला, क्षणभर पेटीवाल्याकडे पाहिलं, आणि गात राहिले. त्या दिवशी त्यांनी जे आख्यान लावलं, तसं धाकट्याने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बुवांना कळलं होतं, पेटीवाल्याला कळलं होतं, आणि ज्याच्यासाठी गायचं त्या देवाला तर काय, पट्टी कोणतीही चालते.

तेच त्याला वहिनींशी बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत बसल्या बसल्या सुचलं. गळ्यासाठी पट्टी उतरवता येते, तर कानासाठी का नाही? आणि इंजिनाची पट्टी उतरवायची म्हणजे दुसरं काय, पंखा लांब लावायचा. मामापेक्षाही लांब. इंजिन सावकाश फिरेल, सूर खाली येईल, दादाच्या कानाचं जे दार अजून उघडं होतं तिथून आत शिरेल. बाकीची आरती त्याने कोणत्या लक्षाने म्हटली ते देवालाच ठाऊक.

विमानांच्या सामानाच्या दुकानात त्याने माप सांगितलं, तेव्हा दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला.

"इंजिन कोणतं म्हणालात?"

धाकट्याने पुन्हा सांगितलं.

"काका, सायकलला ट्रकचं चाक लावताय. इंजिन तापेल, विमान रांगेल. आठ इंची घ्या, फार तर नऊ. मस्त पळेल."

"पळायला नकोय."

"मग?"

"सावकाश बोलायला हवंय त्याने," धाकटा म्हणाला.

दुकानदाराने चष्मा पुन्हा नाकावर आणला, बहुधा समोरचा माणूस नीट दिसावा म्हणून. "असा पंखा मिळायचा नाही," तो म्हणाला. "कोणी मागतच नाही. स्वतः कोरलात तर गोष्ट वेगळी."

कोरायचं म्हणजे दादाचं काम. पण दादाला सांगायचं कसं? शेवटी धाकट्याने स्वतःच लाकडाची पट्टी आणली आणि चामडं छिलायची सुरी घेऊन बसला. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चामडं चढवताना कडा पातळ कराव्या लागतात, त्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण चामडं मऊ असतं, ते समजून घेतं. लाकडाने काही समजून घेतलं नाही. एक पातं बरं उतरलं. दुसरं करताना पीळ उलट्या बाजूला जायला लागला, तो सावरता सावरता पातं जाड राहिलं. रंग देऊन झाकावं असं मनात आलं, पण दादापुढे रंगाने काय झाकणार? तसाच तो पिशवीत घालून घेऊन गेला.

दादा खिडकीशी बसला होता. धाकट्याने पंखा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. वहिनी दारात चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

दादा बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिला.

"हे काय? वल्हं?"

"पंखा," धाकटा त्याच्याजवळ सरकून म्हणाला.

"कोणी केला?"

"मी."

"ते दिसतंच आहे." दादाने पंखा उचलला, अंगठा पात्याच्या कडेवरून फिरवला. "नाव जाईल तुझ्या दुकानाचं. कोणाला सांगू नकोस." मग त्याने टेबलाच्या कडेवरची लोखंडी पट्टी ओढली आणि पंख्याची लांबी मोजली. पट्टी ठेवली. पुन्हा उचलून पुन्हा मोजली. दादा कधी एक माप दोनदा घेत नसे.

"एवढा लांब?" तो म्हणाला. "हा इंजिनाचा गळा धरेल. विमान कसंबसं उडेल. हा पंखा विमानासाठी नाही निवडलास तू."

"नाही."

खाली रस्त्यावरून एक मोठी गाडी घरघरत गेली आणि दादाने खिडकीकडे मान वळवली. धाकट्याने ते पाहिलं. दादाने धाकट्याला पाहताना पाहिलं.

"कोणी सांगितलं? हिने?"

"हो, मीच सांगितलं," वहिनी दारातून म्हणाल्या, आणि नेहमीपेक्षा आवाज जाड काढून म्हणाल्या, त्यामुळे ते दादाला पोचलं.

दादा हसला नाही. पंखा हातात फिरवत राहिला. "बारक्या," तो म्हणाला. धाकट्याला या नावाने हाक मारणारं आता जगात एवढंच माणूस उरलं होतं. "माझ्या डोक्यात आहे रे तो आवाज. अजून जसाच्या तसा आहे. निजलो की कधी कधी ऐकू येतो, अगदी टिपेला. आता समजा हा लावला, फिरवला, आणि काहीच नाही आलं. मग डोक्यातलंही जाईल. उरलंय तेवढं राहू दे की."

धाकटा काय सांगणार, नक्की ऐकू येईल म्हणून? कानाच्या डॉक्टरांना सांगता येईना, तिथे पुस्तकं बांधणाऱ्याने काय सांगावं. तो एवढंच म्हणाला, "तोच आवाज नाही येणार, दादा. हा दुसराच आहे, जाडा. तुझ्या त्या आवाजाला मी नाही हात लावत."

दादाने चहा घेतला, अर्धा पिऊन ठेवला. पंखा पुन्हा उचलून उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पात्याच्या टोकापासून मुळापर्यंत नजर नेली. बसल्या जागी त्याची पाठ ताठ झाली. साच्यांच्या कामाला बसताना व्हायची तशी.

"लांबी बरोबर आहे," तो म्हणाला.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. लांबी बरोबर आहे, म्हणजे दादाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, की त्याच्या कानांना एवढीच लांबी हवी. आजवर ते त्याने डॉक्टरांपुढेही कबूल केलं नव्हतं, तिथेही त्याचं आपलं 'हो, हो' चालायचं.

"बाकी सगळं चुकलंय," दादा पुढे म्हणाला. "जाडी चुकली, पीळ चुकला, लाकूड तर खोक्याचं आहे. ती वरच्या फळीवरची साच्याची पट्टी काढ. ती नव्हे, बाजूची. आणि माझी वाकडी सुरी दे."

मग दादा कोरायला बसला. धाकट्याने कधीकाळी तासन्‌तास पाहिलेलं ते काम पुन्हा डोळ्यांपुढे चाललं होतं. भोवती भुसा नव्हे, सोललेल्या सालींसारखे लांब, पातळ कपचे पडत होते. दादा मोजत नव्हता. सुरी लाकडातून जाताना बोटाला काय सांगते तेवढ्यावर हात चालला होता. मध्येच तो म्हणाला, "तू पुठ्ठे बांधत बसलास ते देवाने तुझ्यावर केलेले उपकार आहेत. सुतार झाला असतास तर उपाशी मेला असतास." धाकटा म्हणाला, "आणि तू पुस्तकं बांधली असतीस तर शेवटचं पान पहिलं आलं असतं." दादाला ते ऐकू आलं, कारण तो म्हणाला, "तरी बांधणी पक्की असती."

पंखा सळईवर चढवला, सुऱ्यांच्या धारेवर ठेवला, सोडला. तो जिथे सोडला तिथेच राहिला.

रविवारी सकाळी तिघे मैदानावर गेले. गवत ओलं होतं, वारा नावापुरता. धाकट्याने तारा उलगडल्या, टोकं मुठीला अडकवली. दादा मूठ घेऊन मध्यावर जाऊन उभा राहिला. एवढ्या लांबून त्याला हाक मारली तर ऐकू येणार नव्हती, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं. वहिनी कडेला रुमाल अंथरून बसल्या, डोळे मिटून ओठ हलवत. नाव कोणाचं घेत होत्या ते विचारायला नको.

धाकट्याने बोटावर चामड्याची टोपी चढवली. सिलिंडरात इंधनाचे दोन थेंब सोडले. इथरचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास आला, मागोमाग एरंडेलाचा, आणि धाकट्याला वाटलं की आपली पाठ सरळ झाली. त्याने झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. इंजिन खोकलं आणि पंखा उलटा येऊन टोपीवर फटकन बसला. तिसऱ्या, चौथ्या झटक्याला काही नाही. पुढच्याला ते लागलं.

कसा आवाज सांगावा? किंकाळी नव्हेच ती. भुंगे मोठ्या मडक्यात कोंडून मडकं छातीशी धरावं, तसा. धाकट्याच्या छातीत तो आधी लागला आणि कानात मागून आला. त्याला तो इतका आवडला की तो विमान धरून नुसता हसत बसला. मग त्याने मध्यावर पाहिलं.

दादा उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. नातीच्या फोनवर असे तोच चेहरा, सभ्य, लक्ष देऊन ऐकतोय असा दाखवणारा. धाकट्याचं हसू विरलं. त्याला वाटलं, आता तो मान हलवेल. हो, हो. आणि मग आपणही घरापर्यंत हो, हो करत जायचं.

दादाने मान हलवली नाही. त्याने मोकळा हात वर केला, तर्जनी उभी धरली आणि डावीकडे फिरवली.

धाकट्याला काही कळलं नाही. बंद कर म्हणतोय? त्याने कानाशी हात नेला.

दादा ओरडला, बहिरी माणसं ओरडतात तसा, मैदानाच्या पलीकडे जाईल इतका मोठ्याने. "स्क्रू सैल कर. डोक्यावरचा. गुदमरतंय ते."

धाकट्याने कान जवळ नेला. गुदमरत वगैरे काही नव्हतं, चांगलं घुमत होतं. दादा आपला अंदाजाने बोलतोय असं त्याला वाटलं. आणि तेवढ्यात सूर खाली घसरला. अगदी किंचित, दमलेल्या माणसाचा शब्द शेवटाला पडतो तेवढा. दाबाचा स्क्रू त्याने जुन्या सवयीने, आखूड पंख्याला लागायचा तसाच घट्ट ठेवला होता. लांब पंख्याच्या ओझ्याखाली इंजिनाचा कोंडमारा होत होता. हे त्याला हाताच्या अंतरावर बसून आत्ता कळलं. दादाला तिकडे, तारांच्या दुसऱ्या टोकाला, आधी कळलं होतं.

दादाने नुसतं चांगलं म्हटलं असतं तर त्याला ऐकू येतंय यावर धाकट्याचा विश्वास बसला नसता. चांगलं कोणीही म्हणतं. त्याने स्क्रूची दांडी थोडी डावीकडे फिरवली. इंजिनाने मोकळा श्वास घेतला, सूर वर आला आणि स्थिर झाला. दादाने हात खाली केला. मग पुन्हा वर केला, तर्जनी आणि अंगठ्यात चिमूटभर अंतर धरून दाखवलं. धाकट्याने आणखी एवढंसं फिरवलं. दादाने हाताने पुरे म्हटलं.

आणि मग त्याने मूठ दोन्ही हातांत धरून छातीशी आणली, तेव्हा धाकट्याने विमान सोडलं.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. विमान गवतातून बरंच रांगलं. पण उठलं, आणि उठल्यावर मोठ्या माणसासारखं शांतपणे गोल फिरू लागलं. मध्यावर दादा फिरत होता, जुन्या दिवसांसारखा गरगर नव्हे, पाऊल टाकत टाकत, प्रदक्षिणा घालावी तसा. तोंड उघडं होतं. धाकट्याला लांबून दिसेना की तो हसतोय की गातोय. बहुधा दोन्ही.

इंधन संपलं, विमान घसरत येऊन गवतावर टेकलं. दादा मूठ तिथेच टाकून चालत आला, जरा तिरपा, चक्कर आलेल्या माणसासारखा. वहिनीही उठून आल्या.

"आलं ऐकू?" त्यांनी विचारलं.

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. तो धाकट्याशेजारी गवतावर बसला, तापलेल्या इंजिनाला हात न लावता पंख्याचं टोक चिमटीत धरलं आणि बोटाने चाचपलं.

"वाऱ्याच्या तोंडावर आलं की सूर बसतोय जरा," तो म्हणाला. "तिकडून वळताना. तुला नाही जाणवलं?"

"नाही," धाकटा म्हणाला, आणि ते खरं होतं.

"टोकाकडे पीळ जास्त झाला. माझीच चूक." त्याने हात पुढे केला. "सुरी आणलीस ना?"

धाकट्याने सुरी दिली. दादाने पंखा उतरवून घेतला आणि ओल्या गवतात मांडी घालून, डोकं खाली घालून, पात्याचं टोक छिलायला लागला. धाकट्याने विमान मांडीवर घेतलं, इंधनाची बाटली उघडली आणि टाकी भरायला घेतली.